बाहेरून आलेली वाट

“पट्टा काढ,” सरनोबत साहेब म्हणाले.

निसारभाईंना आधी कळलंच नाही. ते दाराशी उभे होते, मिरजेहून मोटरसायकलवर आलेले, भुवयांवर धूळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत साहेबांकडे.

“कमरेचा पट्टा. काढ आणि टेबलावर ठेव. हत्यारं कंपनीची हायत.”

त्या पट्ट्यात फायबर सोलायची पक्कड, कातर, स्पिरिटची छोटी बाटली आणि काचेच्या तारेतून किती उजेड येतोय ते मोजायचा मीटर असे. निसारभाई तो पट्टा जेवतानाही काढत नसत. आता त्यांनी बक्कल सोडलं. टेबलावर काच होती. तिच्यावर पट्टा आपटू नये म्हणून त्यांनी तो ठेवताना खाली आपला तळहात धरला, आणि मग हळूच हात काढून घेतला. मला तो हात अजून दिसतो.

“काय झालंय, आबा?”

“साहेब म्हण.”

केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. साहेब, निसारभाई, मी, आणि साहेबांच्या उजव्या हाताला लॅपटॉप उघडून बसलेले तेजस पारसनीस. पारसनीस पुण्याहून आलेले सल्लागार. दर आठवड्याला दोन दिवस यायचे, शहरातल्या चांगल्या हॉटेलात उतरायचे, आणि कंपनीचं नेटवर्क ‘प्रोफेशनल’ करायचे. ते नेटवर्क मी उभं केलं होतं. भौतिकशास्त्रात एमएससी करून मी तिथं लागले तेव्हा कंपनीत राउटर हा शब्द फक्त बिलावर होता.

सरनोबत साहेबांचा धंदा मूळचा केबल टीव्हीचा. मिरज-सांगलीत डिश अँटेना नवी होती तेव्हा ते स्वतः गच्चीगच्चीवर वायर ओढत फिरले होते. साहेब शिडी धरायचे आणि निसार वर चढायचा. पुढं टीव्हीच्या वायरीपाठोपाठ इंटरनेट आलं, कोल्हापूरला मोठं ऑफिस झालं, आबांचे साहेब झाले. निसारभाई तेवढे त्यांना आबा म्हणत राहिले होते.

“काल दुपारपासून मिरजेचं हॉस्पिटल बंद आहे,” पारसनीस म्हणाले. “सीटी स्कॅनच्या फाइली पुण्याला जात नाहीयेत. सीडीवर घालून माणूस पाठवतायत ते. आणि तू दोनदा कळवलंस की लाईन चालू आहे.”

“चालूच हाय, साहेब. उजेड मोजला मी. सांगलीच्या ऑफिसातनं तपासलं, हॉस्पिटल लगेच जवाब देतंय.”

“हे बघ.” पारसनीसांनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. “मी इथून तपासतोय. तुझ्यासमोर. एकही उत्तर नाही. म्हणजे काय, हे मशीन खोटं बोलतंय?”

“मी कुठं तसं म्हणलो?”

“मग खोटं कोण बोलतंय?”

साहेब पुढं झुकले.

“परवा हॉस्पिटलच्या गच्चीवर कुणाबरोबर चहा पीत होतास?”

“कुणी सांगितलं?”

“ते सोड. कुणाबरोबर? त्या दुसऱ्या इंटरनेट कंपनीच्या माणसाबरोबर का न्हाई?”

“तो माझ्या बहिणीचा दीर हाय, आबा. मिरजेत वायर जोडणारी माणसं असत्यात किती? सगळी एकमेकांच्या घरातलीच की.”

“बघा,” साहेब पारसनीसांना म्हणाले, “कबूल करतोय.”

माझे कान तापले. “साहेब, यात कबूल काय केलं त्यांनी?”

“मगदूम बाई, तुम्ही थांबा.” साहेब निसारभाईंवरची नजर न काढता बोलले. “तू हिकडं वायर सैल करायचीस, हॉस्पिटल वैतागून तिकडं जाणार, अन् तुझा पाव्हणा बक्षिसी घेणार. केबलच्या टायमापासनं तुला घरातला धरला रे मी! माझ्या पोरीच्या लग्नात मांडवाची वायरिंग केलीस तू.” त्यांचा आवाज चिरकला, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. “पाचला वकील येणार हायत. त्याच्याआधी राजीनामा लिहून दे. न्हाईतर मिरज पोलिसांत तक्रार जाईल, लाईन तोडली म्हणून. मग बस तिथं जवाब देत.”

“साहेब,” मी म्हणाले, “दोघंही खरं सांगत असतील. इथून पोचत नसेल आणि सांगलीतून पोचत असेल. मला राउटर बघू दे.”

पारसनीस हसले. “अगं पद्मजा, वायर एकच आहे ना? कोल्हापूर, सांगली, मिरज. सांगलीतून पोचतं तर इथूनही पोचायलाच हवं. फिजिक्स ना तुझं?”

“तेच म्हणते मी. पोचायला हवं आणि पोचत नाही. मग वायरीत शोधून काय मिळणार?”

“हे फील्डचं मॅटर आहे. आपण नंतर बोलू.”

“बाई, हे मोठे लोक हायत,” साहेब म्हणाले. “त्यांना कामाचे पैसे देतोय मी.”

पैसे ते मलाही देत होते. पण मी तसं बोलले नाही. मी तेव्हा फार बोलत नसे. राग आला की मी आणखी हळू आवाजात बोलायला लागे, आणि त्या ऑफिसात हळू आवाज म्हणजे माघार असाच समज होता.

निसारभाई जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. पट्ट्याशिवाय त्यांना हात कुठं ठेवायचे कळत नव्हतं. मी त्यांच्या वरच्या पायरीवर बसले.

“ताई, उजेड एकदम कडक हाय,” ते म्हणाले. “देवाशपथ सांगतो. एवढा चांगला उजेड नव्या वायरीत पण येत न्हाई.”

“मला माहीत आहे. सांगलीतून तपासलंत तसं इथून कधी तपासलं?”

“इथं बोलवलं ते पट्टाच काढायला लावला. तपासतो कशाला?”

“आणि त्या दुसऱ्या कंपनीचं गच्चीवर काय काम चाललंय?”

“हॉस्पिटलला दुसरी लाईन पायजे. एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. चांगलंच हाय की. पण त्यांचं अजून काय झालेलं न्हाई. वायरीचं वेटोळं टाकीजवळ ठेवलंय, टोक बी सोललेलं न्हाई. माझा पाव्हणाच म्हणत होता, वरचे सायेब घाई करत्यात, हॉफिसात सगळं चालू करून बसलेत अन् हितं वायर जमिनीवर पडलीया.”

“ऑफिसात काय चालू केलंय?”

“ते त्याला काय म्हाईत? कंप्युटरवर काय तरी.”

मी उठले.

“ताई,” निसारभाई मागून म्हणाले, “राजीनाम्याचं राहू द्या. पोलिसांत नाव गेलं तर मिरजेत मला कोण गच्चीवर चढू देईल? सगळ्यांच्या घरातनं जावं लागतं वर.”

माझ्या टेबलावरून मी आधी सांगलीच्या राउटरला विचारलं: हॉस्पिटलकडे कुठून जायचं? त्यानं सांगितलं, मिरजेकडून, आपल्याच वायरीनं. मग मी कोल्हापूरच्या राउटरला तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, त्या दुसऱ्या कंपनीकडून.

मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. राउटरकडे रस्त्यांच्या बातम्या दोन ठिकाणांहून येतात. कंपनीच्या आतले राउटर एकमेकांना सतत कळवत असतात की मिरज माझ्या पलीकडं आहे, अमुक वायर तुटली, तमुक जोडली. ही आतली बोली. आम्ही त्यासाठी ओएसपीएफ वापरायचो. आणि कंपन्या एकमेकींना कळवतात की हे हे पत्ते आमच्याकडून पोचतात. त्या बोलीचं नाव बीजीपी, आणि जगभरच्या कंपन्या तिच्यावरच एकमेकींशी जोडलेल्या आहेत. एकाच पत्त्याची बातमी दोन्हीकडून आली की राउटर त्यांतली एक निवडतो, ती आपल्या रूटिंग टेबलात, म्हणजे रस्त्यांच्या यादीत, लिहितो, आणि मग डोळे मिटून तिच्याप्रमाणे माल, म्हणजे डेटा, पाठवतो. निवडताना तो रस्ता जवळचा की लांबचा हे बघत नाही. वायर जोडलेली आहे की टाकीजवळ वेटोळं करून पडली आहे, हेही बघत नाही. बातमी कोणाकडून आली एवढंच बघतो. प्रत्येक प्रकारच्या बातमीला कारखान्यातूनच एक आकडा ठरवून दिलेला असतो. आकडा जितका लहान तितका विश्वास जास्त. बाहेरच्या कंपनीकडून थेट आलेल्या बीजीपीचा आकडा वीस. घरच्या ओएसपीएफचा एकशेदहा.

म्हणजे ‘हॉस्पिटल आमच्याकडून पोचतं’ असं त्या कंपनीनं वायर जोडायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. त्यांनी चोरी केली नव्हती, घाई केली होती. आणि आमच्या कोल्हापूरच्या राउटरनं स्वतःची धडधाकट, उजेडानं भरलेली वायर सोडून त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. जगातून हॉस्पिटलसाठी जे काही यायचं ते कोल्हापूरला यायचं, तिथून दुसऱ्या कंपनीकडे वळायचं आणि त्या जमिनीवरच्या वेटोळ्यापाशी संपायचं.

यात नवलाचं काही नव्हतं. नवलाचं हे होतं की हे होऊ नये म्हणून मी आधीच एक नियम घालून ठेवला होता. आपल्या स्वतःच्या पत्त्यांची, आणि हॉस्पिटलचा पत्ता त्यांतलाच, बातमी बाहेरच्या कुणाकडूनही आली तर ती दारातच परतवायची. कुठल्याही कंपनीच्या राउटरवर असा नियम असतोच. मी तो शोधला. तो नव्हता.

त्याच महिन्यात पारसनीसांनी आमच्या आणि त्या कंपनीच्या राउटरमध्ये थेट जोड घातला होता. कल्पना चांगली होती. गावातल्या गावात जायचा डेटा मुंबईला कशाला फिरवून आणायचा? पण जोड घालताना त्यांनी ‘जुनी अडगळ’ साफ केली होती. तसं ते मला जेवताना म्हणालेही होते. “किती ओळी लिहून ठेवल्यायस गं, निम्म्या उडवल्या मी.” मी विचारलं होतं, कुठल्या? ते म्हणाले होते, “रिलॅक्स.”

मी तशीच केबिनमध्ये गेले. साहेब आणि पारसनीस चहा पीत होते. पट्टा टेबलावर तसाच होता, आणि त्याच्यावर बिस्किटांची बशी टेकवली होती.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शक्य तितकं सोपं करून सांगितलं. कोल्हापूरचा राउटर हॉस्पिटलचा माल दुसऱ्या कंपनीला देतोय. त्यांची वायर अजून जोडलेली नाही. आपली वायर चांगली आहे. निसारभाईंचा यात काही संबंध नाही. एक ओळ घातली की हॉस्पिटल सुरू होईल.

साहेबांनी नीट ऐकून घेतलं. खरंच नीट ऐकलं. मग मान वळवून विचारलं, “काय ओ पारसनीस?”

पारसनीसांचा कप ओठांपाशी थांबला होता. त्यांना कळलं होतं. मी पाहिलं, त्यांना पहिल्या दोन वाक्यांतच कळलं होतं, कारण त्यांची नजर एकदा लॅपटॉपकडे जाऊन आली.

“थिअरेटिकली शक्य आहे,” ते म्हणाले. “पण मला तरी फायबरच वाटतंय. ती वायर अजून जोडली नाही हे पद्मजाला कुणी सांगितलं?”

“निसारभाईंनी.”

“अच्छा,” पारसनीस म्हणाले. “निसारनं.” आणि ते एवढंच बोलून थांबले.

साहेबांनी हात झटकला. “बाई, तुम्ही मनानं चांगल्या हायसा. त्यानं रडगाणं गायलं, तुम्हाला खरं वाटलं. जावा आता.”

“साहेब, माझ्या टेबलावर या. दाखवते.”

“मला त्यातलं काय कळतंय? ज्यांना कळतंय ते हितं बसल्यात.”

मी बाहेर आले. पॅसेजमध्ये पाण्याचा कूलर होता, त्याच्यासमोर उभी राहिले. ग्लास हातात घेतला आणि पाणी प्यायचं विसरले. मला रडू येत नव्हतं. लोकांना वाटतं बायकांना राग आला की रडू येतं. मला त्या बिस्किटांच्या बशीखालचा पट्टा दिसत होता, आणि ती बशी भिंतीवर फेकून मारावीशी वाटत होती.

माझ्या हातात एक गोष्ट होती. टेबलावर जाऊन ओळ घालायची. हॉस्पिटल लगेच सुरू झालं असतं. पण मग साहेब काय म्हणाले असते तेही मला ऐकू येत होतं. बघा, पोलिसांचं नाव काढल्याबरोबर लाईन चालू! निसारभाई पक्के अडकले असते.

मग मला सांगलीचा राउटर आठवला.

हॉस्पिटलची ती खोटी बातमी सांगलीलाही पोचली होती. कोल्हापूरनं ती बीजीपीतूनच सांगलीला सांगितली होती. तरी सांगलीनं ती टेबलात घेतली नव्हती, कारण सांगलीला ती बाहेरच्याकडून थेट आली नव्हती, घरच्याच राउटरमार्फत आली होती. तशा बातमीचा आकडा वेगळा असतो. दोनशे. बातमी तीच, शब्द न् शब्द तोच. बाहेरच्याच्या तोंडून आली तर वीस, सगळ्यांत खरी. आपल्या माणसानं सांगितली तर दोनशे, सगळ्यांत शेवटी.

मी ग्लास तसाच कूलरवर ठेवला आणि केबिनचं दार अर्धं उघडलं.

“पारसनीस, जरा बाहेर येता?”

ते आले. दार लागल्यावर लगेच म्हणाले, “हे बघ, पद्मजा, तो फिल्टरचा नियम काढला तेव्हा मला कल्पना नव्हती की—”

“मी त्याबद्दल काही विचारलं नाही.”

“मग?”

“आत जा आणि आत्ता मी जे सांगितलं ते सांगा. तुम्ही शोधलं म्हणून सांगा.”

“मी शोधलं म्हणून?”

“हो. माझं नाव घेऊ नका. पण निसारभाईंचं घ्या. त्यांची वायर पहिल्यापासून चांगली होती, हे तुमच्या तोंडून आलं पाहिजे.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर तो नियम कोणाच्या लॉगिननं काढला हे राउटरलाच विचारता येतं. पाचला वकील येणारच आहेत. त्यांनाच दाखवते. त्यांना यातलं कळणार नाही, पण तारीख आणि नाव वाचता येईल.”

पारसनीसांचा चेहरा लाल झाला. “तू मला धमकी देतेयस.”

“हो,” मी म्हणाले. हळू आवाजातच.

ते शर्टाची बाही नीट करून म्हणाले, “अगं, एवढं पर्सनल कशाला घ्यायचं?” आणि आत गेले.

मी त्यांच्या मागून गेले. त्यांनी छान सांगितलं. माझ्यापेक्षा छान सांगितलं, कारण त्यांना मध्येच कोणी थांबवलं नाही. “साहेब, मी जरा खोलात जाऊन पाहिलं,” अशी सुरुवात केली. कागदावर तीन गोल काढले, कोल्हापूर, सांगली, मिरज, आणि बाहेर चौथा गोल. वीस आणि एकशेदहा हे आकडे लिहिले. साहेब मान डोलवत होते.

“म्हंजे आपला राउटर घरच्याचं सोडून बाहेरच्याचं ऐकत होता?”

“एक्झॅक्टली.”

“आयला!” साहेबांनी मांडीवर थाप मारली. “असलं बी असतंय? काय गाढव मशीन हाय! घरच्याचं सोडून बाहेरच्याचं!” आणि ते माझ्याकडे वळले. “ऐकलं का, बाई? मगाशी तुम्ही काय तरी असलंच म्हणत होता, पण असं फोड करून सांगावं लागतंय.”

मी नखं तळहातात रुतवून उभी राहिले.

ओळ घालायला पारसनीसांनी लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. मी नियम परत लिहिला. अशा नियमाला एक नाव द्यावं लागतं, काहीही चालतं. मी इंग्रजी अक्षरांत ‘निसार’ असं लिहिलं. मग कोल्हापूरच्या राउटरला विचारलं, हॉस्पिटलकडे कुठून जायचं? तो म्हणाला, सांगलीकडून. आपल्याच वायरीनं. साहेबांचा फोन लगेच वाजला. हॉस्पिटलमधून होता. फाइली जायला लागल्या होत्या.

“निसार!” साहेबांनी दारातून हाक मारली. “ये रे आत. ये ये. झालं गेलं विसर. पारसनीस साहेबांनी शोधून काढलं. तुझा काय दोष न्हाई.” त्यांनी स्वतः बशी उचलली, पट्ट्यावरचा बिस्किटाचा चुरा झटकला आणि पट्टा पुढं केला. “घे. बांध.”

निसारभाईंनी पट्टा घेतला नाही. ते जिन्यावरून आले तसे टेबलापाशी उभे राहिले.

“आबा, मी मगाशी काय म्हणलो होतो?”

“काय म्हणला होतास?”

“लाईन चालू हाय म्हणलो होतो.”

“अरे, पण कारण कुठं म्हाईत होतं तुला?”

“कारण न्हवतं म्हाईत. लाईन चालू हाय एवढं म्हाईत होतं.”

“मग झालं की आता! साहेबांनी सांगितलं, मी मानलं. अजून काय पायजे?”

निसारभाईंनी पट्ट्यातून मीटर काढला. “ह्यो माझा हाय. कंपनीचा बिघडला तेव्हा मी माझ्या पैशानं घेतला होता.” तो त्यांनी शर्टाच्या खिशात घातला. पट्टा काचेवर तसाच राहिला. पक्कड, कातर, स्पिरिटची बाटली. दाराशी ते माझ्यापाशी थांबले. “येतो, ताई,” म्हणाले, आणि गेले.

खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. साहेब खिडकीपाशी गेले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

“ह्याला काय झालं? सगळं मिटलं की! बाई, तुम्ही तरी समजवा त्याला. पारसनीस साहेबांमुळं वाचला, त्यांना धड हात बी जोडला न्हाई.”

पारसनीस लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. फार काळजीपूर्वक गुंडाळत होते.

“साहेब,” मी म्हणाले, “त्यांना समजवायचं काही राहिलेलं नाही.”

“म्हंजे?”

पण वकील आले होते. त्यांना चहा सांगायचा होता.

निसारभाई पुढच्याच महिन्यात बहिणीच्या दिराबरोबर त्या दुसऱ्या कंपनीत लागले. मग सरनोबत साहेब येईल त्याला सांगायला लागले, “बघा. पारसनीस म्हणत होते तेच खरं निघालं का न्हाई? मनानं तिकडंच होता तो.” मी ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकायच्या आधी मी राजीनामा दिला. तो मला कोणी मागितला नव्हता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत, आणि आवाज माझा अजून हळूच आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर एकदा कोल्हापूरहून फोन आला. एक मुलगी होती, घाबरत बोलत होती.

“मॅडम, मी प्रणोती केस्ते. तुमच्या जुन्या कंपनीत नेटवर्क बघते. तुमचा नंबर जुन्या फायलीत मिळाला. सॉरी हं, त्रास देते.”

“बोला.”

“आमच्या कोल्हापूरच्या राउटरवर एक नियम आहे. निसार नावाचा. त्याचा अर्थ काय?”

मी खुर्चीत मागं टेकले. “का विचारताय?”

“हैदराबादहून सल्लागार आलेत. त्यांनी काढून टाकायच्या ओळींची यादी दिलीय. त्यात ही आहे. मला वाटतंय, काढू नये. काढली तर आपल्याच पत्त्यांची बातमी बाहेरून आत येईल. बरोबर आहे ना?”

“अगदी बरोबर आहे. काढली तर एखाद्या दिवशी तुमचं कुठलं तरी गाव बंद पडेल, आणि मग वायर जोडणाऱ्या एखाद्या माणसाला केबिनमध्ये बोलावतील.”

शेवटचं वाक्य तिला कळलं नसावं.

“साहेबांना सांगितलंत हे?”

“दोनदा सांगितलं, मॅडम.” तिचा आवाज बदलला. तो आवाज मी ओळखला. तो रडवेला नव्हता. “ते म्हणाले, तुम्ही थांबा, त्या लोकांना कामाचे पैसे देतोय मी.”

“कोण साहेब? सरनोबतच?”

“हो. तेच.”

मी घड्याळाकडे पाहिलं नाही. माझी एक मीटिंग होती, तिला जायला उशीर होणार होता, होऊ दे म्हटलं. माझा तळहात मी टेबलावर सपाट ठेवला, आणि मग तो तसाच दाबून धरला.

“त्यांच्या केबिनमध्ये जा,” मी म्हणाले, “आणि फोन त्यांच्या हातात द्या. सांगा, पुण्याहून आहे.”

“पण मॅडम, तुमचं तरी ऐकतील का ते?”

“ऐकतील,” मी म्हणाले. “मी आता बाहेरची आहे.”